मृत साठ्यातले जिवंत पीक

२०२४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही काही मित्र वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. उजनी धरणाचा पाणीसाठा जवळजवळ उणे साठ टक्क्यांवर गेल्याची बातमी त्यात होती. शेजारच्या मित्राने मला विचारले, "काय रे, पाणी शून्याच्याही खाली कसे जाते? आणि मग तुमच्या होड्या काय जमिनीवर चालतात?" सगळे हसले, मीही हसलो. पण उत्तर द्यायला गेलो तेव्हा ध्यानात आले की, हे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही. ज्या पाण्यावर आमच्या घराची चूल पेटते, त्या पाण्याविषयी आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांना टक्केवारीपलीकडे फारशी माहिती नाही. त्या मित्राला द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजेच हा लेख होय.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. आम्ही जातीने भोई. मासेमारी हा आमचा पिढीजात धंदा. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी या गावी भीमा नदीवर हे धरण बांधलेले आहे. त्याची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली आणि १९८० साली ते पूर्ण झाले. जलाशयाला 'यशवंतसागर' असे नाव आहे. धरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी पाण्याचा फुगवटा पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांपर्यंत पोचतो. पलीकडच्या तीरावर करमाळा तालुका आहे. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजगृह आहे. कोयनेच्या १९६० मेगावॅटपुढे हा आकडा लहान दिसेल. परंतु पाणी उसाला जावो, सोलापूर शहराच्या तहानेसाठी नदीत सुटो, आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानासाठी जावो, की जनित्राची पाती फिरवून खाली उतरो, ते केव्हा आणि किती सोडायचे, हे मासळीकडे पाहून कोणी ठरवीत नाही. जलाशयातल्या मासेमारीचा हा पहिला धडा आहे. नदी आपल्या मर्जीने चढते-उतरते, जलाशय मात्र दुसऱ्याच्या वेळापत्रकाने.

आता त्या उणे टक्क्यांविषयी. उजनीत काठोकाठ सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यापैकी सुमारे ५३.५ अब्ज घनफूट पाणी कालव्यांना व इतर योजनांना नेहमीच्या रीतीने वापरता येते. त्याला उपयुक्त साठा म्हणतात. बाकीचे सुमारे ६३.५ अब्ज घनफूट पाणी त्या पातळीच्या खाली राहते, त्याला मृत साठा असे नाव आहे. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून 'शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे, तर निम्म्याहून अधिक धरण अजून शिल्लक आहे. त्याच्याही खाली उपसा सुरू झाला की टक्केवारी उणे होते. आमच्याकडे पारावर बसलेला अडाणी माणूसदेखील "उजनी मायनसमध्ये गेली" असे सहज बोलतो.

ज्याला कागदोपत्री 'मृत' म्हटले आहे, तोच साठा आमच्या दृष्टीने जिवंत आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरत गेले की सारी मासळी तेथेच गोळा होते. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे थोराड मासेही तेथेच तग धरून राहतात. शेतकऱ्याच्या कणगीतले बियाणे जसे दुष्काळातही मोडायचे नसते, तसे हे पाणी आहे. टक्केवारी उणे होते तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आमच्या पोटात तर दोन गोळे येतात. एक आजचा आणि एक पुढच्या सालचा.

माझे आजोबा धरणापूर्वीच्या भीमेत मासे धरीत. त्या वेळी मासेमारी म्हणजे डोहांची मासेमारी. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होई, जागोजागी डोह उरत आणि कोणत्या डोहात मरळ, कोठे वाम, कोठे शिंगटी, हे घराघरातून पाठ असे. नदी ओलांडायला गुळाची काहील होडीसारखी वापरीत. मग धरण झाले, गाव उठून वर आले आणि डोहांच्या जागी समुद्रासारखे पाणी पसरले. आजोबा सांगत की, पहिली काही वर्षे मासळी इतकी मिळे की उचलून आणायला माणसे पुरत नसत. पुढे ती कमी होत गेली. जुनी माणसे याला दृष्ट लागली म्हणतात. पण त्याचे कारण समजण्यासारखे आहे. नवे धरण भरते तेव्हा शेतांतले खत, बांधावरचे गवत, झाडेझुडपे असे सगळे पाण्याखाली जाऊन कुजते. त्या कुजण्यातून पाण्यात सूक्ष्म वनस्पती व सूक्ष्म जीव अमाप वाढतात आणि त्यांवर मासळी पोसली जाते. जमिनीतले हे साठवलेले खत काही वर्षांत सरते आणि मग उत्पन्न खाली येते. जगातल्या बहुतेक नव्या जलाशयांत हा अनुभव आला आहे. पहिली वर्षे मिळते ती जुन्या जमिनीची पुंजी असते. ती कायमची मिळकत आहे असे समजणाऱ्याचा हिशेब चुकतो.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. बाजारात ज्यांना भाव आहे ते कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे आपल्या भीमेचे नव्हेत. ते उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिघांना एकत्र सोडले तरी ते एकमेकांच्या ताटात फारसा हात घालीत नाहीत. मात्र पावसाळ्यात पुराचे वाहते पाणी मिळाल्याखेरीज ते अंडी घालीत नाहीत. साचलेल्या पाण्यात मादी पोटात अंडी घेऊन तशीच राहते. नदीला बांध घातला की तिची वाट अडते. वरच्या अंगाला पुराचे पाणी येते तेथे थोडीफार वीण झाली, तरी तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून या माशांचे बी बाहेरून आणून सोडावे लागते.

हे बी पूर्वी उत्तरेतील नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून हे बीज केंद्रांतून तयार करता येऊ लागले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. दिसायलाही ते खरोखर जिऱ्याएवढे असते. ते वाढून बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात. शेततळ्यात लहान बीज सोडले तरी चालते, पण जलाशयात मरळीसारखे शिकारी मासे टपलेले असतात. तेथे निदान चार इंचांची बोटुकली सोडली तरच ती वाचण्याची आशा असते. जिरे सोडणे म्हणजे कोंबड्यांपुढे ज्वारी टाकून पीक येण्याची वाट पाहणे होय!

तेव्हा जलाशयातली मासेमारी ही दिसायला शिकार असली, तरी वस्तुतः ती शेती आहे. तिला पेरणी लागते, राखण लागते आणि पीक तयार होईपर्यंत धीर धरावा लागतो. फरक इतकाच की, शेताला बांध आणि मालक असतो, पाण्याला दोन्ही नाहीत. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, किंवा कोणीच पेरू नये आणि सगळ्यांनी कापावे, असे येथे सहज घडते.

पेरणी झाली नाही की शेतात तण माजते, तसे पाण्यात चिलापीचे झाले. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्ले थोडी मोठी होईपर्यंत त्यांनाही तोंडातच सांभाळते. तिला पूर लागत नाही की वाहते पाणी लागत नाही. काही महिन्यांची झाली की ती विणू लागते आणि वर्षातून अनेकदा विणते. मैल्या पाण्यातही ती तग धरते. आज आमच्या जाळ्यात जास्त करून तीच येते. जुने लोक तिला नावे ठेवतात, कारण इतर मासळीचे खाणे व जागा ती बळकावते. पण आमच्या आईचे म्हणणे वेगळे आहे. ती म्हणते, "तिला शिव्या देऊ नका, पोरांचे दप्तर तिच्यावरच येते." दोघांचेही म्हणणे खरे आहे. कटल्याचे पीक बुडाले तेव्हा चिलापीनेच काठावरची घरे तगवली. पण तिला भाव कमी, म्हणून घर तगते, वर मात्र येत नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. आमचे जाळे उभे असते. नायलॉनच्या बारीक धाग्याची ती पाण्यातली भिंतच म्हणा ना. वरच्या दोरीला तरंगते तुकडे आणि खालच्या दोरीला वजन. मासा अंधारात पुढे जायला बघतो, डोके भोकात घालतो आणि मागे सरताना कल्ल्यात धागा अडकून फसतो. या भोकाला आस म्हणतात. आस मोठा असेल तर लहान मासा पार निघून जातो आणि मोठाच तेवढा अडकतो. तिन्हीसांजेला जाळी लावायची, पहाटे तीन-चारला उचलायला जायचे. ज्याची ऐपत आहे त्याची होडी, ज्याची नाही तो थर्माकोलच्या जाड पट्ट्या प्लॅस्टिकच्या कापडात बांधून त्यावर बसतो आणि हाताने वल्हवतो. अशा तराफ्यावर हिवाळ्याच्या पहाटे पाय सोडून बसणे म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळणार नाही.

माझे चुलते, तात्या, यांना पाण्याखालचे सारे जुने गाव पाठ आहे. ते गाव उठले तेव्हा त्यांना अजून मिसरूडही फुटले नव्हते. "इथं पाटलाची हीर, इथं चिंचंचं खोड, हिकडं जाळं टाकू नगं, फाटंल," असे ते अंधारात सांगतात. पडक्या भिंती आणि खोडे यांत जाळी अडकून फाटतात, पण मासळीही अशाच आडोशाला असते. तेव्हा भिंतीच्या किती जवळ जायचे आणि कोठे थांबायचे, यातच कसब आहे. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला लांबून लोक येतात. आम्ही त्याच वेळी इतर खुणा नव्याने पाहून ठेवतो. पाणी पुन्हा चढले म्हणजे त्या उपयोगी पडतात.

सकाळी मासळी भिगवणच्या बाजारात जाते. तेथे लिलाव होतो आणि बर्फात घालून माल पुण्या-मुंबईकडे रवाना होतो. बोली लावणारा अडत्या बहुधा आपल्याला उचल देणाराही असतो. जाळे, होडी, घरचे लग्न किंवा दुखणे, यांसाठी त्याच्याकडून रक्कम घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माल त्याच्याकडेच घालावा लागतो. मग भावाविषयी वाद घालायला तोंड कोठून उरणार? अर्थशास्त्राच्या तासाला 'विक्रेत्याचे स्वातंत्र्य' हा शब्द आला, तेव्हा मला बर्फाच्या खोक्यांशेजारी मुकाट्याने उभे असलेले आमचे वडील आठवले.

आता एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. बारीक आसाचे, मच्छरदाणीसारखे एक ओढायचे जाळे असते. त्याला आमच्याकडे 'वडाप' म्हणतात. ते पाण्यात लांबवर फिरवून काठाकडे ओढत आणतात आणि त्यात बोटभर पिल्लूदेखील सुटत नाही. ही लहान मासळी वाळवून कवडीमोलाने विकली जाते. वडापाला मनाई आहे आणि काठावरचा प्रत्येक जण त्याला वाईटच म्हणतो. तरी माझ्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली तेव्हा वडील आणि मी दुसऱ्याचे वडाप ओढायला चार रात्री गेलो. चौथ्या रात्री ओंजळीत घेतलेल्या मासळीत मला चिलापीबरोबर रोहूची पिल्लेही दिसली. तात्यांना हे कळले तेव्हा ते रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हिशेब शिकाय चाललायस न्हवं? मग ह्याचा बी हिशेब करून बघ."

तो हिशेब मी केला. दहा ग्रॅमच्या बोटुकल्या धरल्या तर एका किलोत शंभर बसतात. त्या पाण्यात राहू दिल्या आणि त्यांतील निम्म्या काही ना काही कारणाने मेल्या, तरी पन्नास उरतात. खाणे चांगले मिळाले तर वर्षभरात रोहू सहज अर्धा किलोचा होतो. म्हणजे आज एक किलो पिल्ले वाळवून विकण्याऐवजी पुढच्या वर्षी पंचवीस किलो ताजी मासळी. हे गणित आमच्या वडिलांना येत नव्हते असे नाही. पण फीची तारीख पुढच्या वर्षीची नव्हती, आणि आपण सोडलेले पिल्लू उद्या दुसरा कोणी ओढून नेणार नाही, याची हमी कोणी दिलेली नव्हती. वडाप ओढणारे हात लोभी असतात असे बाहेरून वाटते. त्यांतले पुष्कळ हात फक्त घाबरलेले असतात, हे मी आतून पाहिले आहे.

पाण्याची स्वतःची दुखणीही आहेत. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी घेऊन भीमेतून आमच्याकडे येते. त्या मैल्याने पाण्याला जणू खताचा अतिरेक होतो. उन्हाळ्यात शेवाळ माजून पाणी हिरवेगार दिसते. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडते, परंतु रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. एखाद्या दिवशी प्रमाणाबाहेर झाले की काठावर मेलेल्या माशांची रांग लागते. त्यातच पाणी उणे साठपर्यंत उतरले की तोच मैला कमी पाण्यात अधिक दाट होतो.

आणि वारा! जलाशय विस्तीर्ण झाल्याने वाऱ्याला अडवणारे काही उरलेले नाही. वळवाच्या दिवसांत क्षणात लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, एक जण पोहून वाचला. ती होडी मासेमारीची नव्हती, पण ते पाणी आमचेच आहे. त्या दिवसानंतर आमची आई आम्ही परत येईपर्यंत दारातून हलत नाही. तरंगते जाकीट मात्र आजही फारच थोड्या होड्यांत दिसते.

मग उपाय काय? पाणी एका खात्याकडे, मासळी दुसऱ्याकडे, सांडपाणी आणखी तिसऱ्याच्या विचाराधीन, अशी वाटणी आहे. मध्यंतरी कित्येक वर्षे पुरेसे बीज पडले नाही अशी आमच्या काठावरची तक्रार होती. अलीकडे पुन्हा बीज सोडण्याचे कार्यक्रम झाले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. याचा मला आनंद झाला, कारण आमचा धंदा ही शेती आहे हेच मी इतका वेळ सांगत आहे. परंतु ती शेती मानली तर शेतीचे सगळे नियम मानले पाहिजेत. पेरणी वेळेवर आणि मोठ्या बोटुकलीची हवी. विणीच्या पावसाळी दिवसांत जाळी बाहेर हवीत आणि त्या काळात चूल पेटेल एवढा आधार हवा. बारीक आसाचे जाळे ओढणाऱ्याला नुसते पकडून भागणार नाही. त्याची फीची तारीख व अडत्याची उचल यांचीही कोणीतरी दखल घेतली पाहिजे. आणि मृत साठ्यातला काही खोल भाग उन्हाळ्यात राखीव ठेवून तेथे कोणीच जाळे न टाकण्याचे ठरले पाहिजे. हा शेवटचा नियम सरकारने करण्यापूर्वी आम्हीच पाळायला हवा. आमच्या तात्यांसह काही जण तो आताच पाळतात. जुन्या गावठाणातल्या खोलगट जागेकडे ते चैत्रानंतर होडी नेत नाहीत.

२०२४ सालच्या ऑगस्टच्या आरंभी उजनी काठोकाठ भरली. दोन महिन्यांत उणे साठवरून शंभर! मित्राने मला वर्तमानपत्र दाखवले आणि म्हणाला, "घे, झाले तुमचे काम." मी त्याला म्हटले, "पाणी आले, आता पेरणी झाली का ते विचार." त्याने त्या वेळी विचारले नाही, म्हणून हे लिहून काढले.

आम्ही वडापाला पुन्हा गेलो नाही. द्वितीय वर्षाची फी उभ्या जाळ्यातल्या चिलापीवर आली. ती आठ दिवस उशिरा भरली, एवढेच.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)